अकलूजची चादर

भवानी पेठेत पिठाच्या गिरणीवर वैजयंतीचं टायपिंगचं दुकान आहे. गिरणी सुरू झाली की टेबलावरचा चहाचा कप थरथरतो आणि संध्याकाळपर्यंत की-बोर्डवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर बसतो. रंगकामाच्या एका जुन्या ब्रशने ती तो रोज झाडते. बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सोलापुरातल्या निम्म्या प्राध्यापकांचे प्रबंध या पिठातून गेले, असं तिचा नवरा रामहरी म्हणतो. तो मार्केट यार्डात कांद्याच्या आडतीवर कामाला आहे आणि त्याला दोन्ही धंदे सारखेच वाटतात.

"तुजा माल बी तसाच हाय की," तो म्हणायचा. "वरचा थर निवडून लावायचा. खाली हात घालून कोण बघतंय?"

वैजयंती यावर हसायची. आता हसत नाही.

ती मूळची अकलूजजवळच्या एका वाडीची. बी.कॉम. झाली त्याच वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली. इंग्रजी चांगलं, हात वेगवान, आणि समोरच्याचं अक्षर कितीही गिचमीड असलं तरी लागायचं. प्राध्यापकांचं इंग्रजी ती न विचारता सुधारायची. तेही न सांगता घेऊन जायचे. संदर्भांची यादी अकारविल्हे लावणं, तळटिपा, अनुक्रमणिका, सगळं ती करायची; पण तिची खरी ऐट तक्त्यांची. वर दुहेरी रेघ, खाली दुहेरी रेघ, मधे उभी रेघ एकही नाही, आणि बेरजेच्या ओळीला फिका करडा रंग. तसा तक्ता दिसला की तोंडी परीक्षेला आलेले बाहेरगावचे परीक्षकसुद्धा ओळखायचे, हे भवानी पेठेतून आलेलं आहे.

या धंद्यात एक शब्द आहे, 'बसवणं'. नवा प्रबंध आला की कोऱ्या पानावर सुरुवात करायची नाही. त्याच विषयाची जुनी फाईल उघडायची, नव्या नावाने जतन करायची, आणि जुन्या मजकुरावर नवा बसवत जायचं. समास, मथळे, पानांचे आकडे आयते मिळतात. सुरुवातीला फक्त सांगाडा जुना असायचा. पुढे प्रस्तावना जुनी राहू लागली. मग 'संशोधन पद्धती' हे प्रकरण, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं असं सगळेच सांगत. कुठे थांबायचं ते कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. टाईप करणाऱ्याकडे मजकुराची जबाबदारी नसते, असं ती मानायची. दुकानाच्या पावतीवर तसं छापलेलंही होतं.

दहा वर्षांपूर्वी, मार्चच्या अखेरीस, पृथ्वीराज सर जिना चढून वर आले. समाजशास्त्राचे. तेव्हा तरुण होते, देखणे, बोलायला गोड.

"ताई, तुमच्याशिवाय कोण आहे मला? बढतीची फाईल सोमवारी द्यायची आहे. एक पेपर कमी पडतोय."

"विषय काय सर?"

"अकलूजच्या कामकरी स्त्रिया. त्या सर्वेक्षणाला अनुदान घेतलेलं आहे हो मी. जायला जमलंच नाही."

मग त्यांनीच आठवण करून दिली. दोन वर्षांपूर्वी सावित्रम्मा नावाच्या मुलीने एम.फिल.चा प्रबंध इथूनच टाईप करून घेतला होता. टॉवेलचे काठ शिवणाऱ्या सोलापुरातल्या बायकांवर, चांगल्या इंग्रजीत. सावित्रम्मा सरांचीच विद्यार्थिनी. विणकराच्या घरातली, घरी तेलुगू, बाहेर मराठी. तिच्या आईनेही जन्मभर काठ शिवले होते. फाईल संगणकात होतीच.

"सर, अकलूजला साखर कारखाना आहे. टॉवेलचे माग कुठले तिथं? माझं माहेर आहे ते."

"कोण वाचतंय, ताई?"

सरांनी कागदाच्या चिटोऱ्यावर बदल लिहून दिले. बायकांची संख्या शहाऐंशी होती, ती एकशे शहाऐंशी. पाठदुखीचे टक्के बासष्ट होते, ते अर्धे करून एकतीस. आणि गावाचं नाव. वैजयंतीने फाईल उघडली, 'सोलापूर' शोधून त्या जागी 'अकलूज' घालण्याचा हुकूम दिला, आणि संगणकाने दोनशे चौदा ठिकाणी बदल केल्याचं सांगितलं. शीर्षकाखाली सावित्रम्माचं नाव होतं, तिथे सरांचं आलं. खालून हाक आली, दळण न्यायचं राहिलं होतं. पुन्हा एकदा वाचून न बघताच तिने फाईल पाठवून दिली.

तो पेपर ज्यात आला ते जर्नल आंतरराष्ट्रीय होतं. म्हणजे नावात तसा शब्द होता. पैसे भरले की तिसऱ्या दिवशी पेपर छापून प्रमाणपत्र यायचं. 'दोन तज्ज्ञांनी तपासला' असं त्यावर लिहिलेलं असायचं. ते तज्ज्ञ कोण हे वैजयंतीला कधी कळलं नाही. कुणाला कळलं असेल असंही तिला वाटत नव्हतं. सरांना बढती मिळाली. पेढ्यांचा पुडा घेऊन ते स्वतः आले. "तुमचे उपकार आहेत," म्हणाले. वैजयंतीने ते वाक्य जपून ठेवलं. तिची उत्कर्षा तेव्हा अकरावीत होती.

तीच उत्कर्षा पुढे पीएच.डी.ला लागली, तेव्हा वैजयंतीने दुसरं नाव मनात आणलं नाही. सरांकडे ती स्वतः बोलायला गेली. "ताईंची मुलगी म्हणजे आमच्या घरचीच," सर म्हणाले. आपण लेकीची वाट मोकळी करून दिली, या समाधानात वैजयंती त्या दिवशी चालत घरी आली.

विषय उत्कर्षाने स्वतः निवडला. टॉवेलचे काठ शिवणाऱ्या बायका. वैजयंतीला ती जुनी फाईल तेव्हाच आठवली, पण बोलायचं काय? आणि सोलापुरात दुसरं काय निवडणार, अशी तिने मनाची समजूत घातली.

मुलगी दोन वर्षं उन्हात हिंडली. कारखान्यात मालक आत घेत नव्हते, म्हणून सुट्टी झाल्यावर फाटकाशी उभी राहायची. बायकांबरोबर चालत त्यांच्या घरी जायची. एकशे बारा जणी. कुणाची मान धरलेली, कुणाला रोंयांनी खोकला. घरी आली की तिच्या ओढणीलाही टॉवेलचे पांढरे रोंये चिकटलेले असत. तिने पेपर लिहिला आणि दिल्लीच्या एका जुन्या, नावाजलेल्या जर्नलला पाठवला. तिथे पैसे घेत नाहीत. लेखकाचं नाव झाकून पेपर तपासतात, आणि सहा-सहा महिने लावतात. पाठवण्यापूर्वी सरांनी एकच अट घातली होती. "माझ्या त्या अकलूजच्या पेपरचा संदर्भ दे. परंपरा दाखवावी लागते."

उत्कर्षाने दिला. टाईप वैजयंतीनेच केला. त्या ओळीवर तिची बोटं अडली, आणि पुढे गेली.

सात महिन्यांनी तपासनिसांची उत्तरं आली. पेपर चांगला आहे, थोडे बदल करा, आम्ही घेऊ. पण एकाने शंका विचारली होती. तुम्हाला चौऱ्याहत्तर टक्के बायकांत पाठदुखी दिसते. तुम्हीच संदर्भ दिलेल्या अकलूजच्या अभ्यासात तीच एकतीस टक्के आहे. काम तेच, जिल्हा तोच. एवढा फरक कसा, ते स्पष्ट करा. मुदत पंधरा दिवस.

दुसरं कुणी असतं तर सिंचन, आहार, हवामान असं काहीतरी चार ओळींत लिहून मोकळं झालं असतं. उत्कर्षा एसटीत बसून अकलूजला गेली. मामाकडे, अभिमन्यूकडे उतरली. दोन दिवस गावभर विचारत फिरली. कारखाना दिसला, दूध संघ दिसला, शाळा दिसल्या. माग एकही नाही.

"अगं, हितं टावेल कोण विणतंय?" अभिमन्यू मामा हसून हसून खोकला. "लग्नात आहेराला लागत्यात ते आमी तुमच्या सोलापूरहून आणतो की! तुज्या सरांस्नी म्हणावं, ऊस बगा येऊन. ऊस लई हाय."

ती परत आली ती थेट दुकानात. दुपारची वेळ, गिरणी जोरात. सरांच्या पेपरची छापील प्रत तिने वैजयंतीसमोर टेबलावर ठेवली आणि मराठी करत मोठ्याने वाचायला लागली.

"'अकलूजची चादर जगप्रसिद्ध आहे.' ऐकलंस? 'अकलूजमधील अशोक चौकात तेलुगूभाषक विणकरांची वस्ती आहे.' आणि हे बघ, हे तर फारच छान आहे. 'अकलूजहून अकलूजला स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना नव्या शहरात जुळवून घ्यावं लागतं.'"

वैजयंतीला ते मूळ वाक्य आठवलं. अकलूजहून सोलापूरला आलेल्या स्त्रिया. टाईप करताना तिला ते आवडलं होतं. आपल्याबद्दल कुणीतरी लिहिलंय असं वाटलं होतं.

"दहा वर्षं हे पडून आहे," उत्कर्षा म्हणाली. "एकानेही वाचलं नाही. मीसुद्धा नाही. न वाचता संदर्भ दिला मी."

"अगं, सरांची काहीतरी गडबड झाली असेल. चूक होते माणसाकडून."

"आई, हे तक्ते बघ."

वर दुहेरी रेघ, खाली दुहेरी रेघ. मधे उभी रेघ नाही. बेरजेला करडा रंग.

"मी या टेबलाखाली झोपून मोठी झाले. मला सांगतेस?"

वैजयंतीने तेव्हा सगळं सांगितलं. सावित्रम्माचं नाव आलं तसं उत्कर्षा खुर्चीत बसली.

"तिला नोकरी मिळाली नाही, माहीत आहे तुला? आमच्या विभागात अजून बोलतात. मुलाखतीत विचारलं, छापलेला पेपर आहे का? नव्हता. आता नवी पेठेत साड्यांच्या दुकानात असते. मागच्या दिवाळीला आपण तिच्याकडूनच साडी घेतली. तिनं तुला ओळखलं होतं."

"मलाही ओळखू आली होती," वैजयंती म्हणाली. तेवढं एक सांगायचं राहिलं होतं.

उत्कर्षाने ठरवलं होतं. संदर्भ काढायचा, आणि संपादकांना कारण लिहायचं: या सर्वेक्षणाची खातरजमा करता आली नाही. एकच ओळ. कुणावर आरोप नाही. पण सरांपासून ते लपलं नाही, कारण तिनेच त्यांना जाऊन सांगितलं. संध्याकाळी सरांचा फोन वैजयंतीला आला.

"ताई, पोर गुणी आहे हो, पण हट्टी आहे. तिला समजवा. त्या शंकेचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. बागायती भाग, दूधदुभतं, म्हणून पाठदुखी कमी. तेवढं घाला. आणि पहिलं नाव माझं, दुसरं तिचं. मार्गदर्शकाचं नाव पाहून असले प्रश्न पुढे वाढत नाहीत."

"सर, तिनं एकटीनं केलंय ते."

"मी कुठं नाही म्हणतो? पण सहामाही अहवालावर सही माझी लागते ना, ताई. चार महिन्यांवर प्रबंध आलाय. आणि ती जुनी फाईल... तुमच्याच दुकानाची आहे. मी आपलं सहज आठवण दिली."

घरी जेवताना वैजयंतीने विषय काढला. उत्कर्षा शांतपणे म्हणाली, "संशोधनात ज्याचा हात नाही त्याचं नाव लेखक म्हणून घालू नये. मिळालेली माहिती बदलू नये. दुसऱ्याचं आपलं म्हणून छापू नये. हे सरांनीच शिकवलंय आम्हाला. नीतिमत्तेचा सक्तीचा तास असतो, तो तेच घेतात. माझ्या वहीत आहे सगळं, तारखेसकट."

"वही घेऊन कुठं जाशील?" वैजयंतीचा आवाज चढला. "गाईड सुटला तर दुसरा कोण घेणार तुला? पाच वर्षं गेली. तुझ्याबरोबरच्या मुली कायम झाल्या, त्यांची लग्नं झाली..."

"मग मीही साड्या दाखवीन. ओळख आहे आपली त्या दुकानात."

रामहरीने भाकरी मोडता मोडता दोघींकडे पाहिलं. "पोरगी म्हणती ते बराबर हाय," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पर तुजं बी खरं हाय." मग तो हात धुवायला उठला.

मुदतीचा शेवटचा दिवस सोमवार होता. उत्कर्षाने बदल करून फाईल पाठवण्यासाठी आईच्या संगणकावर ठेवली आणि सकाळीच निघाली. एका बाईचं घर राहिलं होतं. जर्नलच्या संकेतस्थळावर सगळ्यांचे पेपर वैजयंतीच चढवायची; पासवर्ड तिच्याच डायरीत असत. तिने उत्कर्षाची फाईल उघडली. ती ओळ वाचली, 'खातरजमा करता आली नाही'. बावीस वर्षांच्या सवयीने तिच्या बोटांना काय करायचं ते माहीत होतं. ती ओळ काढली, सरांच्या पेपरचा संदर्भ परत घातला. बागायती भाग, दूधदुभतं अशा चार ओळी स्वच्छ इंग्रजीत घातल्या. लेखकांच्या रकान्यात पहिलं नाव पृथ्वीराज सरांचं, दुसरं उत्कर्षाचं. लेकीच्या कामावर तिने सरांचं नाव बसवलं आणि बटण दाबलं. आपण मुलीला वाचवलं असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. आई होती, आणि घाबरलेली होती; एवढंच तिच्या बाजूने म्हणता येतं.

पण तिचा सगळा अनुभव तीन दिवसांत छापणाऱ्या जर्नलांचा. दिल्लीच्या त्या जर्नलची एक रीत तिला माहीत नव्हती. मधेच लेखकाचं नाव वाढलं किंवा क्रम बदलला, की ते प्रत्येक लेखकाला वेगळी मेल पाठवतात. तुम्हाला हे मान्य आहे का? हो किंवा नाही.

मेल आली तेव्हा उत्कर्षा दुकानात होती. वैजयंती एका वकिलाचा अर्ज टाईप करत होती. मुलीने फोन तिच्यासमोर धरला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सरांनी नाही, तू केलंस हे?"

"तुझ्यासाठी केलं गं."

"सावित्रम्माचं कुणासाठी केलं होतंस?"

आईच्या डोळ्यांदेखत तिने 'नाही'वर बोट ठेवलं.

पुढचं भराभर झालं. जर्नलने पेपर थांबवला आणि कॉलेजकडे खुलासा मागितला. कॉलेजने समिती नेमली. समितीने विद्यार्थिनी आणि मार्गदर्शक यांच्यात 'गैरसमज' झाल्याचं लिहिलं. सरांनी प्रकृतीच्या कारणाने मार्गदर्शन सोडलं. त्यांची प्रकृती उत्तम आहे, नीतिमत्तेचा तास अजून तेच घेतात. दुसरा मार्गदर्शक कुणी झाला नाही. सगळ्यांची मुलं-बाळं, सगळ्यांच्या बढत्या. उत्कर्षा आता सकाळी शिकवण्या घेते आणि दुपारी तिच्या त्या बायकांकडे जाते. कशाला, असं रामहरीने विचारलं तर म्हणाली, "सांगायला नको त्यांना, तुमचं छापून आलं नाही म्हणून?" आईशी ती बोलते. जेवण, गॅसचा नंबर, पाण्याची पाळी, एवढंच.

दुकानात काम कमी झालं. प्राध्यापक आता जिना चढत नाहीत. एका सकाळी वैजयंतीने जुन्या फायली उघडल्या, सावित्रम्माची आणि सरांची, दोन्ही पेनड्राइव्हवर घेतल्या. सरांचा चिटोरा तिने कधी टाकला नव्हता. तिच्याकडून काहीच टाकलं जात नाही. तो दोन्ही फायलींच्या तारखांसह जोडून तिने एका पानाचा जबाब टाईप केला. सरांचा पेपर ज्यात आला ते जर्नल, विद्यापीठ आणि दिल्लीचे संपादक, तिघांच्या नावाने. मी अमुक दिवशी शहाऐंशी स्त्रियांच्या सर्वेक्षणावर आधारित हा प्रबंध बदलून दुसऱ्याच्या नावाने पेपर तयार करून दिला. या वेळी कोऱ्या पानावर सुरुवात केली. एक पान व्हायला दुपार झाली.

"त्यात माझं नाव घालू नकोस," एवढंच उत्कर्षा म्हणाली.

ते पान घेऊन वैजयंती नवी पेठेत गेली. लग्नसराईची गर्दी होती. सावित्रम्मा गादीवर बसून एका कुटुंबाला इरकल दाखवत होती. समोर साड्यांचा ढीग पडला होता. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. वैजयंतीला पाहून ती म्हणाली, "या ताई. काठापदराची दाखवू?"

"साडी नको. हे वाच. तुझी सही लागेल, मूळ प्रबंध तुझा म्हणून."

सावित्रम्माने पान हातात घेतलं. गिऱ्हाईक बाई हातातला पदर धरून थांबल्या. तिने संथपणे शेवटपर्यंत वाचलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "तो पेपर वर्षभरात दिसला मला. सरांकडे गेले. म्हणाले, सिद्ध कर."

"मग माझ्याकडे का नाही आलीस?"

"तुमचे तक्ते ओळखले की. तुमच्याकडे येऊन काय करू?"

वैजयंतीने पानावरच्या सहीच्या जागेवर बोट ठेवलं. "आता मी लिहून देते. तुला कागद मिळेल..."

"आता काय, ताई? बेचाळीस वय माझं. कोण घेणार मला, आणि कशाला?" तिने पान परत केलं. सही केली नाही. साडीची घडी घालायला वाकली, आणि मग हात थांबवून वर पाहिलं.

"शहाऐंशी लिहिलंय तुम्ही. चौऱ्याऐंशी होत्या."

"फाईलमध्ये शहाऐंशीच आहे."

"ती तुमच्याकडची पहिली फाईल. नंतर दोघी नको म्हणाल्या, मालकाला कळलं तर काढतील म्हणून. मी त्यांची पानं काढली, सगळे टक्के पुन्हा हाताने काढले, हाताने दुरुस्त करून प्रबंध दिला. तुम्हाला सांगायचं राहिलं असेल. त्या दोघी तुमच्या फाईलमध्ये आणि सरांच्या पेपरात अजून आहेत." ती गिऱ्हाइकाकडे वळली. "हा रंग उन्हात खुलतो बघा, बाई."

वैजयंती चालत भवानी पेठेत आली. गिरणी बंद झाली होती. जिना चढून तिने संगणक सुरू केला, जबाब उघडला आणि शहाऐंशीच्या जागी चौऱ्याऐंशी केलं, हाताने, एकेक आकडा शोधून. मग छापून खाली सही केली. सावित्रम्माच्या सहीची जागा मोकळी सोडली आणि तिन्ही लिफाफे चिकटवले.